चंद्रोदय रा. ९.१२

आमच्या घरात चंद्राची दोन गिऱ्हाइकं आहेत. सासूबाईंना तो महिन्यातून एकदाच लागतो, संकष्टीला. तो दिसल्याशिवाय त्या पानावर बसत नाहीत. मला तो दर पंधरवड्यात पाच-सहा रात्री लागतो, आणि मी त्याचे फोटो काढते. दोघींचं काम एकाच परसात चालतं, शेवग्याच्या झाडापासून चार पावलांवर. लिंबोणी आमच्याकडे नाही. चंद्राला लपायला शेवगा पुरतो, पाला विरळ असला तरी.

साताऱ्याच्या पूर्वेला जरंडेश्वराचा डोंगर आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ बारीक अक्षरात छापलेली असते, ती मुंबईची. सातारा मुंबईच्या पूर्वेला, म्हणजे हिशेबाने आमच्याकडे चंद्र चार-पाच मिनिटं आधीच उगवायला हवा. उगवतही असेल, जरंडेश्वराच्या पलीकडे. तो डोंगर, अलीकडे नव्याने झालेली चार मजली इमारत आणि तिच्या डोक्यावरची काळी पाण्याची टाकी एवढं सगळं ओलांडून तो आमच्या परसात उतरेपर्यंत नऊ बाराचे पावणेदहा झालेले असतात. सासूबाईंना शुगर आहे आणि माझं औषधांचं दुकान आहे. मधला तो अर्धा तास मी कसा काढते ते माझं मला ठाऊक. चंद्राच्या वेळा मी पहिल्यांदा पाठ केल्या त्या फोटोसाठी नाही, त्यांच्या गोळीसाठी.

त्यांची धाकटी बहीण नागपूरला असते. नागपूर आणखी पूर्वेला, त्यामुळे तिथे चंद्र आमच्या वीस मिनिटं आधी वर येतो. मावशी चंद्राचा फोटो लगेच व्हॉट्सॲपवर टाकतात आणि जेवायला बसतात. एकदा मी तो फोटो सासूबाईंपुढे धरला. म्हटलं, "आई, दिसला बघा. घ्या आता जेवून." त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि फोन परत दिला.

"हा तिचा चंद्र. मला माझा बघू दे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुर्बीण घेतली ती मुलासाठी, तो दहावीत असताना. त्याला दुर्बिणीपेक्षा तिचा खोका जास्त आवडला होता असं मला अजून वाटतं. तो पुण्याला शिकायला गेला, खोका माळ्यावर गेला आणि दुर्बीण कपाटामागच्या कोपऱ्यात उभी राहिली. सहा इंची आहे. पांढरी जाड नळी, तळाशी दीडशे मिलिमीटरचा अंतर्गोल आरसा, वरच्या टोकाशी बाजूला डोळा लावायची जागा. पहिल्यांदा घरात आणली तेव्हा शेजारच्या काकूंनी "गिझर बदलला का?" असं विचारलं होतं.

नळी ज्या लाकडी पेटीत बसते तिला डॉब्सोनियन बैठक म्हणतात. या नावामागची गोष्ट मला फार आवडते. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात राहणारा साधू होता, म्हणजे रामकृष्ण परंपरेतला. मठात राहून तो जहाजांच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरायचा आणि दुर्बिणी मठाबाहेर नेऊन लोकांना चंद्र दाखवायचा. मठातली कामं सोडून हे उद्योग करतो म्हणून १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. मग तो उघडपणे फुटपाथवर दुर्बीण लावून उभा राहिला. यंत्र नाही, मोटर नाही. पेटीत नळी ठेवायची आणि हाताने ढकलायची. माझी दुर्बीणही तशीच. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. एकशेवीसपट मोठा केलेला चंद्र दुर्बिणीच्या चौकटीतून पावणेदोन मिनिटांत पार निघून जातो. त्यातून आरशामुळे सगळं उलटं दिसतं. वर न्यायचं तर खाली ढकला, डावीकडे हवं तर उजवीकडे. पहिले पंधरा दिवस मी चंद्राला परसभर शोधत होते, आणि आठवा, तो रात्रीच्या आकाशातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात उजळ वस्तू आहे.

फोटोची गोष्ट मुलाच्या जुन्या फोनपासून सुरू झाली. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, फोन घट्ट धरणारा एक प्लॅस्टिकचा चिमटा मिळतो. त्यात फोन बसवायचा आणि फोनची भिंग आयपीसच्या बरोबर मधोमध आणायची. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की चंद्र पडद्यावरून गायब, नुसती काळी कोर फिरताना दिसते. बटण दाबायला बोट लावलं की नळी थरथरते, म्हणून मी हेडफोनची वायर जोडते आणि तिच्यावरचं आवाज वाढवायचं बटण दाबते. फोटो निघतो. ही युक्ती मला कुणी सांगितली नाही, एकदा गाणी ऐकता ऐकता चुकून सापडली.

पहिले शंभरएक फोटो म्हणजे शंभर पांढरे बल्ब. फोनला चौकटभर काळोख दिसतो, तो बिचारा उजेड वाढवत जातो आणि चंद्र जळून जातो. माझ्या डोक्यातही तेच होतं की रात्रीचा फोटो आहे, उजेड जास्त हवा. ती गाठ सुटायला वेळ लागला. रात्र आपल्याकडे आहे, चंद्रावर नाही. जो भाग आपल्याला उजळलेला दिसतो तिथे दिवस आहे, आणि तिथली जमीन जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे. पडलेल्या उजेडापैकी जेमतेम बारा टक्के ती परत पाठवते. म्हणजे चंद्राचा फोटो काढायचा तर भर दुपारी हायवेचा फोटो काढतोय असं समजून काढायचा. आमच्याकडे हायवेची वानवा नाही. मी खरंच एकदा दुपारी वाढे फाट्याजवळ थांबून रस्त्याचा फोटो काढला, त्यातला उजेडाचा आकडा पाहिला आणि रात्री साधारण तोच लावला. पहिल्यांदा खड्डे दिसले. चंद्रावरचे.

१८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राचं चित्र उमटवलं, तेव्हा त्याला वीस मिनिटं उजेड पाजावा लागला होता. माझ्या फोनला एका सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. एवढं सोपं झाल्यावर माझी तक्रार काय असायला हवी? तरी होती. खड्डे दिसत होते, पण पाण्याखाली ठेवल्यासारखे.

आधी मला वाटलं आरसा खराब आहे. साताऱ्याच्या पावसाळ्यात आरशाला बुरशी धरते हे खरंच आहे. म्हणून दुकानातल्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी जमवते आणि नळीच्या तोंडाशी कापडी पिशवीत बांधून ठेवते. पन्नासेक पुड्या झाल्या असतील. पण आरसा स्वच्छ होता. दोष गच्चीचा होता.

सगळ्यांसारखं मलाही वाटायचं की आकाश बघायचं तर गच्चीवर जायचं. पण आपली गच्ची म्हणजे स्लॅब. दिवसभर तो ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते हळूहळू बाहेर सोडतो. गरम हवा वर उठते आणि तिच्यातून आपण चंद्र बघतो. तव्यावरून पलीकडची भिंत हलताना दिसते तसा चंद्र हलतो. मग मी दुर्बीण खाली परसात आणली, मातीवर, हरळीवर. फरक पहिल्याच रात्री कळला. दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर काढून आरसा निववायचा, हेही नंतर कळलं. घरातल्या उबेतून काढलेला आरसा स्वतःभोवतीच हवा तापवत बसतो. या हवेच्या हलण्या-न हलण्याला आकाश बघणारी मंडळी सीइंग म्हणतात. सोपी खूण अशी, की चांदण्या फार सुंदर लुकलुकत असतील तर त्या रात्री चंद्राच्या फोटोचा नाद सोडावा. डिसेंबरातल्या काचेसारख्या स्वच्छ रात्री म्हणूनच बऱ्याचदा फसव्या निघतात. उलट एप्रिल-मेमधल्या धुरकट, वारा पडलेल्या, जीव नकोसा करणाऱ्या रात्री कधी कधी चंद्र दगडात कोरल्यासारखा उभा राहतो.

आणि आमच्याकडे एक खास अडचण आहे. उशिरा चंद्र पश्चिमेला कलला की तो आमच्याच स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टवरून दिसतो. सासूबाई रात्री दहाला दुधाला विरजण लावण्याआधी दूध तापवतात. तेवढ्या वेळात चंद्रावरच्या कोपर्निकस खड्ड्याची कड उतू जायला लागते. मी खिडकीतून ओरडते, "आई, गॅस!" त्यांना वाटतं गॅस चालू राहिला.

कोजागिरीला मला हमखास बोलावणं येतं. कॉलनीतले लोक म्हणतात, वहिनी, दुर्बीण आणा, पोरांना चंद्र दाखवा. मी नेतेही. पण खरं सांगायचं तर दुर्बिणीतून बघायला पौर्णिमेइतका वाईट चंद्र दुसरा नाही. सूर्य आपल्या पाठीमागून सरळ त्याच्यावर पडलेला असतो, सावली कुठेच नाही. सगळे डोंगर, दऱ्या, खड्डे सपाट. टायको नावाच्या खड्ड्यापासून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे छान दिसतात, बाकी भाकरीवरचे डाग. डोळा मात्र दिपतो आणि दुसऱ्या डोळ्याने बासुंदीचा पेला सापडत नाही.

अपवाद फक्त एका कोजागिरीचा, २०२३ च्या. २८ ऑक्टोबर. त्या रात्री खंडग्रास ग्रहण होतं, मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांपासून २ वाजून २३ मिनिटांपर्यंत. वेधामुळे कॉलनीत दोन तट पडले. काहींनी दूध लवकर आटोपलं, काहींनी आटवलंच नाही, आणि दोन घरांतून मला निरोप आला की दुर्बीण यंदा नको. सासूबाई वेध पाळतात. पण आजारी माणसांना आणि लहान मुलांना सूट असते असं पंचांगातच लिहिलेलं असतं. मी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि गोळीबरोबर दोन बिस्किटं खायला घातली. पावणेदोनला ग्रहण सगळ्यात जास्त होतं, तेही व्यासाच्या जेमतेम बारा टक्के. चंद्राच्या दक्षिणेची कड, टायकोच्या बाजूची, धुरकटली. परसात मी एकटीच. पृथ्वीच्या सावलीला कडक रेघ नसते, हे त्या रात्री कळलं. उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

पण मला सांगायचंय ते तिथींबद्दल.

मी एक वही ठेवली होती. तारीख, वेळ, कोणता आयपीस, हवा कशी, काय दिसलं. दुकानातल्या स्टॉक रजिस्टरसारखी. महिनाभराने एका रात्री मी वहीतून शोधत होते की थिओफिलस नावाचा तो तिघांच्या रांगेतला भव्य खड्डा इतका ठसठशीत कधी दिसला होता. १४ तारीख सापडली. पुढच्या महिन्याच्या १४ ला बघितलं तर काहीच नाही, थिओफिलस उजेडात बुडून गेलेला. सासूबाई पायरीवर वाती वळत बसल्या होत्या.

"इंग्रजी तारखा कशाला लिहितेस?" त्या म्हणाल्या. "त्यांचा चंद्राशी काय संबंध? तिथी लिही."

मी हसले होते, हे कबूल करते. विज्ञानाच्या वहीत तिथी! मग दोन-तीन महिने नुसतं गंमत म्हणून तारखेशेजारी तिथी लिहिली. आणि एके रात्री ती पानं एकाखाली एक धरून पाहिली तेव्हा दुकानातल्या बेरजेसारखं सगळं जुळलं.

तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. एवढंच. आणि चंद्रावरची उजेड-अंधाराची कड, जिथे सावल्या लांब पडतात, जिथे फोटो निघतो, तीही नेमकी याच हिशेबाने सरकते. सूर्यापासून चंद्र बारा अंश दूर गेला की कड चंद्रावर बारा अंश पुढे जाते. म्हणजे ज्याला मी बाहेरून आणलेला चंद्राचा नकाशा समजत होते, त्याचं वेळापत्रक स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं होतं, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

आता माझी वही अशी आहे. शुद्ध षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना हे तिघे कडेवर. अष्टमीला बरोबर अर्धा चंद्र, मधोमध टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाखेल अशी एकाखाली एक रांग. नवमीला टायको, प्लेटो आणि ती सरळ भिंत, शंभर किलोमीटरहून लांब असलेली, सुरीने चिरल्यासारखी काळी रेघ. दशमीला कोपर्निकस, ९३ किलोमीटर रुंद, आतल्या पायऱ्यांसकट. एकादशीला उत्तरेकडे इंद्रधनूचं आखात. त्याच्या काठावरचे डोंगर खालची जमीन अंधारात असतानाच उजळतात आणि चंद्राच्या बाहेर सोन्याची कडी अडकवल्यासारखं दिसतं. एकादशीचा माझा उपास असा. द्वादशीला ॲरिस्टार्कस, सगळ्यात पांढराशुभ्र. त्यानंतर चतुर्दशी-पौर्णिमेला दुकानाचे हिशेब.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कॅलेंडरात मोठ्या अक्षरात असते ती सूर्योदयाची तिथी. संध्याकाळी ती संपलेलीही असू शकते, म्हणून समाप्तीची वेळ बघायची. आणि चंद्र आपल्याकडे तोंड करून थोडासा डुलतो, त्यामुळे कधी अर्ध्या तिथीचा फरक पडतो. हा फरक मी सासूबाईंना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "असेल. क्षयतिथी येते, वृद्धितिथी येते, मग डुलणं का नाही?"

अष्टमीच्या सुमाराला आणखी एक चमत्कार असतो. अर्ध्या चंद्राच्या कडेवर, थोडं दक्षिणेला, अंधारात एक उजळ फुली उमटते. तीन खड्ड्यांच्या उंच कडा जिथे भेटतात तिथे आधी ऊन पोचतं आणि खालचं सगळं काळोखात असतं. चारेक तासच टिकते. ते चार तास आपल्याकडच्या रात्री पडायला हवेत आणि आकाश मोकळं हवं. मला ती एकदाच मिळाली आहे. बघत असताना ती हळूहळू जाड होत गेली, कारण चंद्रावर ऊन सरकतं ते ताशी पंधराएक किलोमीटरने, म्हणजे माझा नवरा सपाटीवर सायकल चालवतो त्या वेगाने. तासभर नजर ठेवली तर एखादं शिखर डोळ्यांदेखत पेटतं. आधी अंधारात एक टाचणीचं टोक, मग तांदळाचा दाणा, मग तो दाणा कडेला येऊन चिकटतो.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा प्रश्न सुरुवातीलाच निकाली निघाला. त्या दिवशी चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो, प्रत्यक्ष कृष्णावर आला होता. मी म्हटलं, चार दिवसांची कोर दुर्बिणीतून फार सुरेख असते. सासूबाई म्हणाल्या, "बाकीच्या अकरा चतुर्थ्या कुणी नेल्यात?" तसंही गणपतीत ढग असतात. मी वाद घातला नाही.

दुर्बीण बाहेर दिसली की शेजारचे भाऊ कुंपणावरून विचारतात, "चांद्रयान दिसतं का हो यातनं?" मी सांगते की माझ्या दुर्बिणीतून दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान काही दिसत नाही, आणि विक्रम लँडर आपल्या रिक्षापेक्षा फार मोठा नाही. "मग उपयोग काय?" असं म्हणून ते थोडा वेळ थांबतात आणि तरी बघून जातात. त्यांच्यासाठी मी एक जागा शोधून ठेवली आहे. प्रशांतीच्या समुद्रात, म्हणजे चंद्रावरच्या मारे सेरेनिटाटिस या काळसर सपाट मैदानात, बेसेल खड्ड्याच्या वरच्या अंगाला, सुमारे आठ किलोमीटरचा एक खड्डा आहे, त्याचं नाव साराभाई. विक्रम साराभाई. षष्ठी-सप्तमीला तो काळ्या टिकलीएवढा दिसतो. भाऊंना तो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "एवढासाच?" आणि नंतर बराच वेळ डोळा काढेनात.

आता त्या पाण्याखालच्या खड्ड्यांचं. त्यावर उपाय आहे आणि तो कॉम्प्युटरवर होतो. एक फोटो काढायचा नाही, व्हिडिओ काढायचा. सेकंदाला साठ चित्रं, एक मिनिट. छत्तीसशे चित्रं होतात. त्यातली बहुतेक थरथरलेली, पण मधूनच एखाद्या क्षणी हवा श्वास रोखते आणि चित्र लखलखीत येतं. ऑटोस्टाकर्ट नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ही सगळी चित्रं तपासून उत्तम दहा टक्के बाजूला काढतं, एकावर एक नेमकी बसवतं आणि त्यांची सरासरी काढतं. मग वेव्हलेट नावाच्या सरकपट्ट्यांनी बारकावे वर आणायचे. इथे हात आवरावा लागतो. जास्त ओढलं की प्रत्येक खड्ड्याला पांढरी किनार येते, इस्त्री जास्त तापून कडा चमकलेल्या पँटसारखी. माझ्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या चंद्रांना अशी इस्त्री आहे. २०२१ साली पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पन्नास हजारांवर चित्रं अशीच जोडून अख्खा चंद्र उभा केला होता. त्याचा कॉम्प्युटर किती तापला असेल याची मला आता कल्पना आहे. माझा लॅपटॉप छत्तीसशेलाच रात्रभर पंखा फिरवत बसतो.

दशमीच्या कोपर्निकसचा एक फोटो असा फारच चांगला जमला. सकाळी सासूबाईंना दाखवला. मध्ये तीन शिखरं, उतरत्या पायऱ्या, बाहेर उडालेल्या धोंड्यांचे बारीक बारीक खड्डे.

"हा कुठला?"

"आपलाच. परवा रात्रीचा. तुम्ही नाही का बघितला नळीतून?"

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. "तो हलत होता."

"हलणं काढून टाकलंय."

"कसं काय?"

मी सांगितलं. छत्तीसशे चित्रं, त्यातली तीनशेसाठ, त्यांची सरासरी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे असा तो कुठल्याच क्षणी दिसला नव्हता."

हे मला लागलं, कारण ते बरोबर होतं. चूकही होतं. कोपर्निकस खरोखर तसाच आहे. थरथर त्याची नव्हे, आपल्या हवेची आहे. मी जे काढून टाकलं त्यात काय काय होतं? टाकीवाल्या इमारतीच्या स्लॅबची ऊब, हायवेची धूळ, शेजारच्यांचा पत्रा, आमच्या दुधाची वाफ. ते सगळं वजा केलं आणि जो उरला तो चंद्र नागपूरहून किंवा न्यूयॉर्कहूनही तसाच निघाला असता. मी साताऱ्याचा भाग वजा केला होता.

माझा भाचा याच्या उलट टोकाला आहे. त्याच्याकडे महागडा फोन आहे, तो हातात धरून चंद्र ओढून घेतो आणि खटकन कडक फोटो येतो. मला म्हणतो, मामी, कशाला एवढा पसारा? २०२३ साली अशाच एका फोनवर एकाने प्रयोग केला होता. चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावलं, अंधारात त्याचा फोनने फोटो काढला, आणि जे खड्डे त्या चित्रात नव्हतेच ते फोनने काढून दाखवले. भाच्याला मी सांगितलं, तुझा फोन चंद्र बघत नाही, आठवतो. माझं सॉफ्टवेअर निवडतं आणि सरासरी काढतं, पदरचं काही घालत नाही. या फरकाचा मला अभिमान होता. सासूबाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, दोन्ही छान केलेत. केलेत, म्हणाल्या. काढलेत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक रात्रीच्या छत्तीसशेतलं एक चित्र जसंच्या तसं ठेवते. न निवडलेलं, मधलंच कुठलंतरी. कुणाला दाखवत नाही.

परतीचा पाऊस नुकता थांबला होता तेव्हाची संकष्टी. मोदक झाले होते, आरती झाली होती. साडेनऊ. आकाशात पातळ ढग, पूर्वेला टाकीच्या वर दुधाचा हात पुसल्यासारखा पांढुरका डाग. ढग असले तर वेळ झाल्यावर जेवायला हरकत नाही असं शास्त्र आहे म्हणतात. पण सासूबाईंचा एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे आणि हट्ट मात्र दोन्ही डोळ्यांचा आहे. मला चंद्राची गोल कड कळत होती. त्यांना नुसता डाग.

"दिसला की आई."

"तुला दिसला."

मी दुर्बीण आधीच लावून ठेवली होती, संकष्टीच्या चंद्राचं एक दृश्य मला बरेच दिवस हवं होतं. कृष्ण चतुर्थीला उजेडाची कड उलटी फिरलेली असते. शुद्ध पक्षात जिथे सूर्य उगवतो तिथे आता मावळत असतो आणि क्रिसियम नावाचा तो गोल समुद्र कडेवर येऊन बुडत असतो, काही महिने अर्धा, काही महिने जवळजवळ पूर्ण. फोन चिमट्यात बसवला होता, भिंग आयपीसच्या मधोमध आली होती, ढगाची फट जवळ येत होती आणि बोट हेडफोनच्या बटणावर होतं. मागे पायरीवर सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. घड्याळात नऊ पन्नास.

मी चिमटा सोडवला. फोन खिशात टाकला, स्टूल ओढलं आणि त्यांना बसवलं. चष्मा काढायला सांगितला. त्यांचा हात धरून फोकसच्या चाकावर ठेवला, कारण त्यांचा नंबर मला माहीत नाही, चाकाला तो कळतो.

"काहीच नाही... पांढरं आहे नुसतं."

"फिरवा. सावकाश."

ढग सरकला. चाक फिरायचं थांबलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी मनात आकडे मोजत होते, कारण पावणेदोन मिनिटांत तो चौकटीतून निघून जाणार होता. साठला मी नळी हलकेच ढकलली, वर न्यायला खाली.

"एक मोठं तळं आहे," त्या म्हणाल्या. "अर्धं अंधारात चाललंय. हलतंय."

"तेच ते."

त्यांनी डोळा काढला, वर पाहिलं. वर अजून तो डागच होता. पुन्हा नळीला डोळा लावला. मग हात जोडले, चंद्राकडे की नळीकडे ते मला अंधारात कळलं नाही, आणि पदराच्या गाठीतल्या अक्षता हरळीवर टाकल्या.

"नळीत चालतो ना?" मी विचारलं.

"डोळा माझाच आहे," त्या म्हणाल्या. "गोळी आण, आणि पान वाढ."